बाबांचं कोपर

"ताई, डावं कोपर पुन्हा वाकलं!" गोल्फचे सर वैतागले. चेंडू नेहमीसारखा उजवीकडे वळला. त्यांनी माझं कोपर चाचपलं. "सांधा तर ठणठणीत आहे. मग हे कुणाचं मोडलेलं हाड फिरवताय?" "बाबांचं," मी म्हणाले. अपघातानंतर त्यांचं कोपर सरळ झालंच नाही. मी त्यांच्याकडेच बघून शिकले. ते गेल्यावर माझ्याकडे हा वाकडा फटकाच उरला. पण उद्या संघाची निवड होती. सरांनी कोपराला लाकडी पट्टी बांधली. मी मनात म्हटलं, "बाबा, आता सोडा." स्टिक फिरली. चेंडू सुतासारखा सरळ गेला. "शाब्बास!" म्हणत सर पाणी प्यायला वळले. मी स्टिक भिंतीला टेकवून डोळे पुसले. तेवढ्यात सरावाच्या शेजारच्या रिकाम्या मॅटवर खट्ट वाजलं. एक चेंडू उडाला आणि अलगद उजवीकडे वळला. माझ्याकडे पाठ असलेल्या सरांना फक्त उडता चेंडू दिसला; ते सवयीने ओरडले, "ताई, कोपर!"