सिल्वेस्टरने पावा सोडला

“शब्द दिलेलास ना? माझ्या लग्नात पावा तूच वाजवणार म्हणून!” ॲनी दारातच भांडायला उभी राहिली.

“तेव्हा दात होते गं,” सिल्वेस्टर म्हणाला.

पुढचे दोन दात गेले आणि त्याचा पावा बंद पडला. फुंकर मारली की नुसताच वारा! मलंगगडाच्या जत्रेतून आणलेला तो पावा, अख्ख्या कोपर गावाला दुपारी झोपू न देणारा, आता कपाटावर धूळ खात होता.

पण गप्प बसेल तो सिल्वेस्टर कसला! आधी तो पत्रकार झाला. दर सोमवारी गल्लीतल्या फळ्यावर त्याचं ‘सूर-बेसूर’ लागायचं. ‘गोदूबाई आरतीत टाळांच्या पुढे पळतात’ असं त्याने लिहिलं आणि गोदूबाईंनी त्याचे लाडू बंद केले. मग तो बँडचा मॅनेजर झाला. ढोलकीवर गोविंदा, गायला कृतिका. “वेळेवर यायचं, भाव खायचा नाय,” एवढाच नियम. पुढे शेजारच्या सोनलकडे नवा फ्रिज आला, त्याच आठवड्यात सिल्वेस्टर टीव्हीत दिसू लागला.

“साहेब आता मोठे झाले, आपल्याला कुठले ओळखतात!” गोदूबाईंचा टोमणा.

साहेब हसायचे. पण पाव्याकडे बघायचे नाहीत.

लग्न रविवारी. शुक्रवारच्या टीव्ही-कार्यक्रमाला सगळे अंगणात जमले. ॲनी रुसूनच बसलेली. डेल्फिन स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच आली.

“प्रेक्षकहो, एक दुःखद बातमी,” सिल्वेस्टरने घसा खाकरला. “मी पावा कायमचा…”

तो थांबला. जिभेला काहीतरी टोचलं. त्याने तोंडात बोट घातलं.

“कायमचा काय?” ॲनी रडवेली झाली.

“अरे बोल ना, लाइव्ह चाललंय!” गोविंदा ओरडला.

सिल्वेस्टर ताडकन उठला, त्याबरोबर टीव्हीही उठला. फ्रिजचं ते चौकट कापलेलं खोकं गळ्यात घेऊन तो अंगणभर नाचायला लागला. “मम्मी! उंदीरमामाने नवे दात दिले! जुने कौलावर टाकलेले ना आपण!”

डेल्फिनने त्याचा जबडा उघडून आत पाहिलं.

“आलेत खरे दोन्ही. वाजव बाबा मावशीच्या लग्नात,” ती म्हणाली. “पण आधी बेचा पाढा म्हण.”