फुजैलसाठी जागा

अलिझा कॉलेजच्या सुट्टीत रत्नागिरीहून नाटे गावातल्या घरी आली, तेव्हा अम्मी ओट्यावर बसून फोनमधले फोटो एकेक करून डिलीट करत होती.

"अम्मी, हे माझ्या शाळेचे! तुझ्या निकाहाचेसुद्धा उडवलेस? इथून उडवले की क्लाउडवरूनही जातात ते."

"माहीत आहे मला. तिथलीच जागा भरलीय, असा मेसेज आलाय."

घरातल्या सगळ्यांच्या फोनवर खातं एकच होतं. फोन भरून बंद पडू नयेत म्हणून अलिझाच्या भावाने, फुजैलनेच ते उघडून दिलं होतं. मासेमारी करून परतताना त्याची बोट रेंजमध्ये आली की समुद्रात काढलेले त्याचे फोटो आपोआप अम्मीच्या फोनवर दिसू लागायचे. ते दिसले की ती भाताला आधण ठेवायची.

"तो रेंजमध्ये येईल, आणि जागा नाही म्हणून फोटो अडकून राहतील," अम्मी म्हणाली. "मग तो आला ते मला कळायचं कसं?"

फुजैलच्या बोटीच्या फुटक्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, त्याला चार महिने झाले होते.

"आण इकडे, मी करते," अलिझा अम्मीशेजारी बसत म्हणाली. "व्हिडिओ जास्त जागा खातात. आधी ते काढू."

बराच वेळ ती काढत राहिली. मग तिचं बोट थांबलं.

"आता फक्त फुजैलचेच उरलेत, अम्मी."

"मग तेही उडव. तो स्वतः येतोय, जुने फोटो कशाला हवेत?"