पायाखालचा कागद

"स्की नेहमीच्याच दे, कडक," गुलब्रान म्हणाला.

"वजन?" ओड्वारने विचारलं. बर्फावरून घसरत जायच्या या लांब पट्ट्यांचं दुकान त्याचं, आणि गुलब्रान त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"तेवढंच आहे. वाढलंय ते तुझं टक्कल."

गुलब्रानची मुलगी सुन्निवा गाडीची किल्ली बोटांत फिरवत दोघांच्या मागे येरझारा घालत होती. परवा ईस्टरची सुट्टी लागणार, सगळं घर स्कीवरून डोंगरातल्या केबिनवर निघणार आणि रॉकेल, मटण, संत्री भरलेली सगळ्यात जड सॅक दरवर्षीप्रमाणे बाबाच वाहणार. थंडी ओसरली तसे लोकांचे स्वेटर उतरले. हा मात्र एकावर एक दोन चढवून आला होता. दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायचा, नाहीतर चिडायचा.

ओड्वारने स्की फरशीवर मांडल्या. मधोमध कमानीसारख्या उचललेल्या. एकीखाली त्याने कागदाची पट्टी सरकवली. "ओझ्याऐवजी ही वाळूची सॅक पाठीला लाव आणि सगळा भार एका पायावर दे."

पुरेसा भार पडला की स्की दबते आणि कागद पकडते. नाही पकडला, तर चढावर ती बर्फही धरणार नाही, माणूस मागे घसरणार. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं.

गुलब्रान उभा राहिला. ओड्वारने पट्टी ओढली. ती अलगद बाहेर आली.

"तुझी फरशीच वाकडी आहे."

स्की दुसरीकडे मांडल्या. पट्टी पुन्हा तशीच निघाली. ओड्वारने सुन्निवाकडे पाहिलं.

"जरा मऊ बघूया का?" ओड्वार म्हणाला.

"आणि ओझं कोण नेणार? तुझी आजी?"

सुन्निवाने किल्ली खिशात टाकली. बाबाच्या खांद्यावरून सॅक काढून आपल्या पाठीवर घेतली. "बाबा, उतर. ओड्वारकाका, कागद घाला."

"तुला झेपायचं नाही," गुलब्रान म्हणाला.

"झेपेल. आणि उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येतोयस. नाहीतर केबिनवर कुणीच जाणार नाही."

ती एका पायावर उभी राहिली. ओड्वारने पट्टी घातली होती, पण ओढायला त्याचा हात पुढे होईना. शेवटी गुलब्रानच गुडघ्यावर हात टेकून खाली बसला आणि पट्टी ओढू लागला. हलेना. त्याने जोर लावला. अर्धी पट्टी फाटून हातात आली.

तो तुकडा हातात घेऊन तो उठला.

"ओड्वार, मला त्या मऊ दाखव."

लेकीच्या सॅकचा कमरेचा पट्टा त्याने ओढून घट्ट केला. "भार कमरेवर घ्यायचा," तो म्हणाला. "खांद्यावर घेतलास, तर उद्या माझ्याबरोबर तुलाही दाखवावं लागेल."