कोणाचं ऐकायचं?

बोंडअळीचं साल होतं. तेल्हाऱ्यात शिवमच्या घरचं फवारणीच्या औषधांचं दुकान. दुकानाची वेबसाइट शिवमच्या हाताखालच्या हीनानं केली होती. दुकानात वेबसाइटवर वाचूनच गिऱ्हाइकाच्या औषधाच्या खोक्यावर पेनानं डोस लिहून देत.

अकोल्याच्या आपल्या वेबसाइटच्या ऑफिसात शिवम टेबलावर हात आपटत होता. "दुकानातल्या कंप्युटरवर अक्षरं एवढाली! मेनू तुटून खाली आला. सगळं पिक्सेलमधी फिक्स कर."

"सर, तिथं कोणीतरी ब्राउझरच्या सेटिंगमधी अक्षर मोठं करून ठेवलं. पान त्याचं ऐकून राहिलं. पिक्सेलचं पक्कं माप टाकलं तर ऐकणार नाही, अक्षर बारीकच राहीन."

"कोण्या रिकामटेकड्यानं बोटं घातली असन. त्याचं काहून ऐकाचं? डिझाइन मायं हाय!"

हीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दात-ओठ खात तिनं एकेक माप पिक्सेलमध्ये ठोकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून शिवमच्या वडिलांचा, वामनरावांचा फोन आला. शिवम समोरच बसला होता. हीनानं मुद्दाम स्पीकर लावला.

"बेटा, पान बिघडलं काय वं? मले बारीक दिसत नाही, म्हणून मीच गुपचूप अक्षर मोठं करून घेतलं होतं. शिवमले सांगू नोको. आज ते मोठंच होत नाही."

हीनानं फोन शिवमच्या तोंडासमोर धरला. "मग काका, खोक्यावर डोस कसा लिहून राहिले तुमी?"

"काय करतो? सकाळपासून अंदाजानंच लिहून देऊन राहिलो."