दोन पानांचं स्वगत

जुन्या नाटकात राणी तीन अंक सिंहासनाशेजारी उभी असते आणि एक शब्द बोलत नाही. नव्या रूपांतरात तिला दोन पानांचं स्वगत होतं. ते जिनं लिहिलं, तीच तालीम घेत होती.

चौथ्या वाक्याला नवी नटी अडकली. विंगेतल्या खुर्चीवरून मावशींनी शब्द दिला. जुन्या संचात बावीस वर्षं राणी म्हणून त्याच उभ्या राहिल्या होत्या. या संचात त्यांच्याकडे प्रॉम्प्टिंग आलं होतं.

नटी पुन्हा अडकली. या वेळी मावशींनी शब्द दिला आणि त्या थांबल्या नाहीत. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. वही मांडीवर मिटलेली. आवाज चढला नव्हता, पण कोपऱ्यात झगा उसवत बसलेल्या शिंप्याची कात्री थांबली.

“मावशी,” लेखिका म्हणाली, “नुसते शब्द द्या हं. अभिनय नको.”

“बावीस वर्षांचं मौन सुटलं म्हणायचं,” राजाचं काम करणारा नट म्हणाला. सगळे हसले. लेखिकाही हसली. मावशींनी वही उघडली.

नटी तेवढी हसली नाही. “ताई, हे काम मावशींनाच द्या ना. मला याच्या निम्मंही जमायचं नाही.”

“तुझ्या चेहऱ्याची पोस्टरं लागलीत शहरभर,” लेखिका म्हणाली. मग काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, “मावशी, पाठ कधी केलंत?”

“दोनदा वाचलं, बसलं. राजा मुलाला हाकलून देतो ना, तिथं मी रोज मनात काहीबाही बोलायचेच. आता शब्द मिळाले.”

लिहायला बसण्याआधी जुन्या प्रयोगांबद्दल विचारायला लेखिका राजाच्या नटाला दोनदा भेटली होती. प्रकाशयोजनेच्या म्हाताऱ्यालाही. मावशींचा तर फोन नंबरही तिच्याकडे नव्हता. तिचे कान तापले. आत्ताच बोलायला हवं, हे तिला कळत होतं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

“चला,” ती म्हणाली, “चौथ्या वाक्यापासून.”

नटी तिथंच अडकली. विंगेतून वाक्य आलं. सरळ, कोरडं, सामानाची यादी वाचावी तसं. एक अक्षर चुकलं नव्हतं. लेखिका आपल्याच हस्ताक्षरातल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मान वर करायचा तिला धीर झाला नाही.