कोरा चेहरा

दहा रुपयांच्या ऑनलाइन पोकरमध्ये शर्वाणी नवखी होती. समोरच्यांचे कॅमेरे भुवईच्या हालचालीवरून पानं ओळखत, म्हणून तिने कपाळाला अख्खा चेहरा गोठवणारी पट्टी लावली.

"पट्टी काढली की चांगल्या पानांना हसता तुम्ही, ताई," ॲपमधून पोकर शिकवणारे सर टोचून म्हणाले. "महिनाभर पट्टी काढायचीच नाही."

मांडीवरची सहा महिन्यांची इरू खुदकन हसली. शर्वाणीचं काळीज हललं, ओठ हलले नाहीत. इरूने पुन्हा हसून पाहिलं, हुंकार दिला, शेवटी रडली.

महिना सरला. पट्टी काढून शर्वाणी तोंडभर हसली. "इरू, बघ ना गं, आई!"

इरू नुसती बघत राहिली.

"वा, ताई!" सर कॅमेऱ्यातून म्हणाले. "हिच्या चेहऱ्यावरचं काही म्हणजे काही वाचता येत नाही. पोर नाव काढणार!"