हळदीच्या दिवशी लाईट बंद

मांडवाशेजारच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी तेलाचा थेंब जमला, लांबला आणि मातीत पडला.

नवा, मोठा ट्रान्सफॉर्मर दिवाळीपासून पंचायतीच्या आवारात पडून होता. तो बसवायला दिवसभर लाईट बंद ठेवावी लागणार होती, आणि दर वेळी कुणाचं तरी कार्य आडवं येई.

“इंजिनीअर मॅडम, उद्या आमच्या रेवतीची हळद, परवा लग्न. मग बघू,” सरपंच म्हणाले.

“परवा संध्याकाळी एवढे कूलर लागले, तर हा ऐन मुहूर्तावर जळेल,” मी म्हणाले.

“आबा, अंधारात भलत्याच्याच गळ्यात माळ घालू का?” रेवती ओसरीवरून म्हणाली. “हळद उन्हात लागते, तिला लाईट कशाला?”

सरपंचांनी पुढचा थेंब पडू दिला. मग वायरमनला म्हणाले, “दवंडी द्या. उद्या दिवसभर लाईट बंद.”